शंभरातले अडतीस

१९ चे ३६. ५७ चे ६२.

कॅलिफोर्निया राज्यातल्या एका अवाढव्य सरकारी विद्यापीठाने दहा वर्षं खपून जे कमावलं ते या चार आकड्यांत आहे, आणि जे कमावता आलं नाही तेही यातच आहे. पहिली जोडी चार वर्षांत पदवी हातात पडणाऱ्यांची. २०१५ मध्ये ते शंभरातले १९ होते, दहा वर्षांनी ३६च्या आसपास आले. दुसरी जोडी सहा वर्षांत का होईना, पण पदवी मिळवणाऱ्यांची. ते तेव्हा ५७ होते, आता ६२च्या आसपास आहेत. पहिल्या जोडीत आकडा जवळजवळ दुप्पट झाला, दुसरीत जेमतेम पाचाने हलला. विद्यापीठ तेच, मोहीम तीच, वर्षंही तीच. मग असं का झालं?

विद्यापीठाचं नाव कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी. तिकडे सगळे नुसतं ‘कॅल स्टेट’ म्हणतात. नोबेलवाल्यांचं बर्कले यातलं नव्हे, ते ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया’चं. ही वाटणी १९६० सालची. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने राज्याने उच्च शिक्षणाचा आराखडा केला आणि शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या तीन पंगती मांडल्या. गुणवत्तेत वरचे साडेबारा टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, वरच्या एक तृतीयांशात बसणारे कॅल स्टेटमध्ये, आणि बाकी कुणालाही कम्युनिटी कॉलेजचं दार उघडं. आपला विषय मधल्या पंगतीचा. उत्तरेला हम्बोल्टच्या रेडवुड जंगलापासून दक्षिणेला सॅन डिएगोपर्यंत तिचे २३ कॅम्पस होते (२०२५ मध्ये सागरी अकादमी सॅन लुइस ओबिस्पोच्या कॅम्पसमध्ये विलीन झाली, त्यामुळे आता २२), आणि विद्यार्थी साडेचार लाखांहून जास्त. चार वर्षांची पदवी देणारं एवढं मोठं सरकारी विद्यापीठ अमेरिकेत दुसरं नाही. विद्यार्थ्यांतले जवळपास निम्मे ‘पेल ग्रँट’ घेणारे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना केंद्र सरकार देतं त्या शिष्यवृत्तीवर शिकणारे. सुमारे एक तृतीयांश मुलं अशी, की घरात त्यांच्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही.

मराठी घरांना यातली सॅन होजे, लाँग बीच, फुलरटन, नॉर्थरिज ही नावं ओळखीची आहेत. एमएस करायला तिकडे जाणारी मुलं कुणाच्या ना कुणाच्या नात्यात असतातच. ती मुलं मात्र या आकड्यांत कुठेच नाहीत. हा सगळा हिशेब पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांचा आहे.

हिशेब म्हटला की आधी छेद बघावा. शाळेत अपूर्णांक शिकवताना गुरुजी अंशावर बोट ठेवायचे, पण सगळी गंमत छेदात असते. अमेरिकेत १९९० साली केंद्राने कायदाच केला, की कॉलेजांनी आपल्याकडचे किती विद्यार्थी पदवीपर्यंत पोचतात हे जाहीर करावं. मोजायची रीत अशी: एका वर्षी पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या, पूर्णवेळ नाव नोंदवलेल्या मुलांची एक बॅच पकडायची आणि ठरलेल्या मुदतीच्या दीडपट, म्हणजे सहा वर्षांपर्यंत तिच्या मागे राहायचं. शंभर आले होते, किती पदवी घेऊन गेले? मध्येच दुसऱ्या विद्यापीठात जाऊन तिथे पदवी घेतली, तरी पहिल्याच्या खात्यावर तो ‘गेलेला’च. अर्धवेळ शिकणाऱ्याला छेदात घेतच नाहीत. कॅल स्टेटच्या पदवीधरांपैकी निम्मे तर कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून मग आलेले असतात. त्यांचं खातं वेगळं ठेवलेलं आहे. (त्या खात्यातही सुधारणा आहे. आल्यापासून दोन वर्षांत पदवी घेणारे २०१५ मध्ये शंभरात ३१ होते, ते चाळिशीच्या घरात गेले. चार वर्षांत घेणारे ७३ वरून ऐंशीच्या जवळ.)

ही रीत कडक आहे, थोडी अन्यायकारकही आहे. पण एक मोठा गुण तिच्यात आहे: सोडून गेलेला मुलगा छेदातून पुसला जात नाही.

आता मोहीम. तिचं नाव होतं ‘ग्रॅज्युएशन इनिशिएटिव्ह २०२५’. कुलपती तेव्हा टिमथी व्हाइट. लक्ष्यं आकड्यांतच बांधलेली: २०२५ पर्यंत चार वर्षांत पदवी घेणारे शंभरात ४०, सहा वर्षांत घेणारे ७०, आणि गरीब विद्यार्थी, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळ अमेरिकन विद्यार्थी यांच्यात आणि बाकीच्यांत जी दरी आहे ती शून्य. ‘कमी करू’ म्हटलं नव्हतं, शून्य म्हटलं होतं. सरकारी संस्था असं लिहून देते हे कौतुकाचं आहे, कारण नंतर त्यावर बोट ठेवता येतं.

तर बोट ठेवू या. सुरुवातीला दिलेल्या चार आकड्यांत एक खोट आहे, ती आधी काढायला हवी. एकाच वर्षी जाहीर होणारे चार वर्षांचे आणि सहा वर्षांचे आकडे वेगवेगळ्या बॅचचे असतात. २०१५ चा ५७ हा २००९ मध्ये आलेल्यांचा, आणि १९ हा २०११ मध्ये आलेल्यांचा. म्हणून एकच बॅच धरून मागोवा घेतला पाहिजे.

२०११ ची बॅच घ्या. चार वर्षांत १९, सहा वर्षांत ५९. म्हणजे पाचव्या-सहाव्या वर्षात ४० जण पदवीला पोचले आणि ४१ जण पोचलेच नाहीत.

२०१७ ची बॅच घ्या. चार वर्षांत ३३, सहा वर्षांत ६२. पाचव्या-सहाव्या वर्षात २९. न पोचलेले ३८.

दोन्ही शेजारी ठेवले की चित्र लख्ख दिसतं. वेळेवर पदवी घेणारे १४ ने वाढले. उशिरा घेणारे ११ ने घटले. न घेणारे घटले फक्त ३ ने. ढोबळ भाषेत सांगायचं तर, चौदांपैकी अकरा जण असे, जे तसेही पदवीला पोचणारच होते, ते लवकर पोचले. नव्याने वाचले ते तीन. (माणसं तीच नव्हेत, बेरजा आहेत, हे मान्य. शिवाय २०१७ ची बॅच तिसऱ्या वर्षाला असताना कोविड आला, त्याचा काही भार या आकड्यावर आहेच. पण कोविडच्या आधीची वाटचालही फार वेगळी नव्हती. सहा वर्षांचा सगळ्यात वरचा आकडा २०२१ मध्ये आला, ६३. तिथून तो किंचित खालीच आला.)

गाडी वेळेवर धावायला लागली. स्टेशनावर राहिलेले बहुतेक जण स्टेशनावरच राहिले.

वेळेवर धावणं कमी मोलाचं नाही. पाचवं वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाची फी, आणखी एका वर्षाचं भाडं (कॅलिफोर्नियातलं भाडं!) आणि पगाराचं एक वर्ष बुडालेलं. त्यातून विद्यापीठाच्या जागा अडतात त्या वेगळ्याच. २०१७ च्या सुमारास कॅल स्टेट दरवर्षी तीस हजारांहून जास्त पात्र अर्जदारांना जागा नाही म्हणून परत पाठवत होतं. आतले लवकर बाहेर पडले तर बाहेरचे आत येतात, हा सरळ हिशेब आहे.

मग हे चौदा वाढले कशाने? इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण उत्तर कुठल्या महान शैक्षणिक तत्त्वज्ञानात सापडत नाही, ते टाइमटेबलात सापडतं.

समजा, फ्रेस्नोची एक मुलगी आहे. फ्रेस्नो म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातलं, द्राक्षांच्या मळ्यांनी वेढलेलं शहर. तिचे आईवडील मळ्यात मजुरी करतात. ही पहिल्या सत्राला नाव नोंदवते. किती क्रेडिट घ्यायची? शिष्यवृत्तीच्या अर्जावर ‘पूर्णवेळ विद्यार्थी’ म्हणजे १२ क्रेडिट असं छापलेलं असतं. ती १२ घेते. काम करून शिकायचं आहे, १२ झेपतात, सरकारच पूर्णवेळ म्हणतंय, अजून काय पाहिजे? पण पदवीला लागतात १२० क्रेडिट. चार वर्षांची आठ सत्रं, आठ गुणिले बारा, झाले ९६. चोवीस कमी. तिने एकही विषय न बुडवता, एकदाही नापास न होता, सगळे नियम पाळून अभ्यास केला तरी पाचवं वर्ष ठरलेलं. आणि राज्याची ‘कॅल ग्रँट’, जी तिची फी भरते, ती मिळते चार वर्षांपुरती. पाचव्या वर्षी पोरगी दारात उभी आणि शिष्यवृत्ती संपलेली.

तीन क्रेडिट म्हणजे एक विषय. सत्राला एक विषय कमी घ्यायचा एवढ्या निरुपद्रवी वाटणाऱ्या निर्णयाची ही किंमत, आणि तो निर्णय घेताना शेजारी बसून बारा नि पंधराचा हिशेब करून दाखवणारं कुणी नव्हतं. मोहिमेने पहिलं काम केलं ते हेच. ‘पंधरा घ्या’ असं पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात झाली. उन्हाळी सत्रात विषय वाढवले. ज्या विषयांसाठी जागाच मिळत नव्हती, म्हणून मुलं वर्ष वर्ष ताटकळत होती, त्यांच्या तुकड्या वाढवल्या. २००८ च्या मंदीनंतर राज्याने विद्यापीठाच्या अनुदानाला अशी कात्री लावली होती की फी चार वर्षांत २,७७२ डॉलरवरून ५,४७२ डॉलरवर गेली आणि वर्गांची टंचाई मात्र वाढली. त्या टंचाईतून बाहेर यायलाच दशकाचा निम्मा भाग गेला.

दुसरं काम जास्त धाडसाचं होतं आणि त्यावर भांडणंही जास्त झाली. २०१७ पर्यंत कॅल स्टेटमध्ये येणाऱ्या मुलांची इंग्रजी आणि गणिताची चाचणी व्हायची. शंभरातले जवळपास चाळीस जण एका तरी विषयात ‘तयारी नाही’ असे ठरायचे आणि त्यांना उजळणीच्या वर्गात बसावं लागायचं. त्या वर्गाला क्रेडिट शून्य. फी भरायची, शिष्यवृत्तीची मुदत जाळायची, पुन्हा एकदा शाळेतलं बीजगणित करायचं, आणि पदवीकडे एक पाऊलही नाही. वर्षभरात उजळणी पूर्ण झाली नाही तर विद्यापीठाचं दार बंद. ज्याला दहावीपासून गणिताची धास्ती आहे त्याला विद्यापीठात आल्याआल्या पहिल्या दिवशी तेच दाखवायचं, ही पद्धत कोणत्या डोक्यातून निघाली असेल देव जाणे.

ऑगस्ट २०१७ मध्ये कुलपतींनी ‘कार्यकारी आदेश १११०’ काढला. चाचण्या बंद, बिनक्रेडिटचे वर्ग बंद. २०१८ च्या शरद सत्रापासून सगळ्यांनी थेट विद्यापीठाच्या पातळीचा, क्रेडिट असलेला वर्ग घ्यायचा. ज्याला गरज आहे त्याला त्याच वर्गासोबत जादा तास, जादा शिकवणी. आणि ज्याला इतिहास किंवा समाजकार्य शिकायचं आहे त्याने बीजगणितच करायला हवं असं नाही, संख्याशास्त्र चालेल. प्राध्यापकांच्या सिनेटने घाईबद्दल हरकत घेतली, आणि ती सगळीच चुकीची नव्हती. नवा अभ्यासक्रम उभा करायला त्यांना एक वर्षच मिळालं होतं. पण पहिल्या सत्राचा निकाल बोलका होता. पूर्वी ज्यांना उजळणीत बसवलं असतं अशांपैकी सुमारे ७,८०० मुलं २०१८ च्या पहिल्याच सत्रात विद्यापीठाच्या पातळीचं गणित पास झाली. आदल्या वर्षी तशांपैकी पास झालेली होती सुमारे ९५०.

याच्या उलट बाजूला काही जण नापासही झाले, आणि नापास झालेल्यांच्या नावावर आता खऱ्या वर्गातला खरा ‘एफ’ लागला, हेही लिहून ठेवायला हवं. माझं मत विचाराल तर तरीही आदेश बरोबर होता. उजळणीच्या वर्गात अडकलेला मुलगा नापास दिसत नव्हता, एवढंच. तो गळत होताच.

बाकीची कामं किरकोळीत टाकण्यासारखी: पदवीला किती क्रेडिट उरली ते संगणकावर दाखवणं, लायब्ररीचा दंड किंवा पार्किंगची बाकी राहिली म्हणून नावनोंदणी अडवण्याचे प्रकार कमी करणं. थकबाकीसाठी गुणपत्रक रोखून धरायला तर राज्याने २०१९ मध्ये कायद्यानेच बंदी घातली.

या सगळ्या कामांना एक धागा आहे. पंधरा क्रेडिट, उन्हाळी वर्ग, वाढलेल्या तुकड्या, उजळणीतून सुटका: हे सगळं त्या मुलाच्या उपयोगी पडतं जो वर्गात येतोय. अडतीसांपैकी बरेच जण वर्गात यायचंच बंद करतात.

ते कधी बंद करतात, हे बघितलं तर आणखी एक समज मोडतो. पहिल्या वर्षी सांभाळलं की झालं, असं शिक्षण खात्यात सगळीकडे बोललं जातं. कॅल स्टेटमध्ये पहिल्या वर्षाचे शंभर विद्यार्थी असतील तर दुसऱ्या वर्षी साधारण चौऱ्याऐंशी परत येतात. म्हणजे सोळा गेले. अडतीसातून सोळा वजा केले की उरतात बावीस. निम्म्याहून जास्त गळती पहिल्या वर्षानंतरची आहे: ज्यांना विद्यापीठ कळलं होतं, ज्यांनी अवघड पहिलं वर्ष काढलं होतं, ज्यांच्या खात्यावर तीस, साठ, कधी नव्वद क्रेडिट जमा होती, अशा मुलांची.

ती का जातात? २०१८ मध्ये कॅल स्टेटनेच आपल्या विद्यार्थ्यांच्या पोटापाण्याची पाहणी प्रसिद्ध केली. रशिदा क्रचफील्ड आणि जेनिफर मॅग्वायर या दोन प्राध्यापिकांनी ती केली होती. ४१.६ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं की पुरेसं खायला मिळेल याची त्यांना खात्री नसते. १०.९ टक्के विद्यार्थी मागच्या बारा महिन्यांत एकदा तरी बेघर झाले होते. म्हणजे मित्राच्या सोफ्यावर, गाडीत, निवाऱ्यात. जगातल्या सगळ्यात श्रीमंत प्रदेशांपैकी एकातली ही गोष्ट आहे. ज्या मुलाला आज रात्री कुठे झोपायचं हे ठरलेलं नाही, त्याला ‘पंधरा क्रेडिट घे’ सांगून काय होणार? त्याला शिफ्ट वाढवून मिळाली तर तो विषय सोडतो, दोन विषय सोडले तर शिष्यवृत्ती घटते, शिष्यवृत्ती घटली की शिफ्ट आणखी वाढवावी लागते. मग एक सत्र सुट्टी घेतो. ‘पुढच्या सत्राला येतो’ म्हणतो.

आणि दरी? शून्य व्हायची होती ती. पेल ग्रँट घेणारे आणि न घेणारे यांच्यात शंभरामागे दहाहून जास्त जणांचं अंतर मोहिमेच्या सुरुवातीला होतं, शेवटीही दोन आकडीच राहिलं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत तर सहा वर्षांत पदवी घेणारे निम्म्याच्याच आसपास. सगळ्यांचेच आकडे वर गेले, पुढचे पुढे गेले, मागचेही पुढे सरकले, मधलं अंतर तसंच. बस वेळेवर सुटली तर ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे आहेत त्यालाच तिचा फायदा होतो.

त्या अडतीसांना हात घालता येतो का? येतो, आणि हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही, कारण न्यूयॉर्कमध्ये त्याची चिठ्ठ्या टाकून परीक्षा झालेली आहे. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाने, ‘क्युनी’ने, २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या पदविकेसाठी ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात काय होतं? पूर्णवेळ शिकायची अट. शिष्यवृत्ती वजा जाता उरलेली फी माफ. पुस्तकं फुकट. भुयारी रेल्वेचा आणि बसचा पास फुकट, पण सल्लागाराला भेटलात तर. आणि सल्लागार असा की त्याच्या डोक्यावर साठ ते ऐंशी विद्यार्थी. त्याच कॉलेजांत बाकीच्यांच्या वाट्याला येणाऱ्या सल्लागारापाशी सहाशेपासून दीड हजारापर्यंत.

‘एमडीआरसी’ या संशोधन संस्थेने २०१० च्या सुमाराला आलेल्या ८९६ विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं. अर्ध्यांना असॅप, अर्ध्यांना नेहमीचं कॉलेज. हे सगळे उजळणीची गरज असलेले, म्हणजे मुळात कच्चे ठरवलेले विद्यार्थी. तीन वर्षांनी नेहमीच्या गटातले २१.८ टक्के पदविका घेऊन निघाले, असॅपमधले ४०.१ टक्के. औषधांच्या चाचणीत असा फरक दिसला तर कंपनी दुसऱ्या दिवशी जाहिरात देईल. पुढे ओहायोतल्या तीन कॉलेजांत हाच प्रयोग केला, तिथेही जवळपास दुप्पट.

आता पैशांचं बोलू. असॅपमधल्या एका विद्यार्थ्यावर तीन वर्षांत सुमारे १६,३०० डॉलर जास्त खर्च झाले. भरमसाट वाटतं. पण पदविका घेणारे इतके वाढले की एका पदविकेमागचा खर्च अकरा टक्क्यांच्या आसपास कमीच आला. छेद बदलला की स्वस्त-महाग बदलतं, ते असं. कॅल स्टेटच्या मोहिमेला २०१६ मध्ये राज्याने पहिला हप्ता दिला तो साडेतीन कोटी डॉलरचा, एकदाच. विद्यार्थी तेव्हा पावणेपाच लाखांच्या घरात. डोई पाऊणशे डॉलरही पडत नाहीत. पुढच्या वर्षांत रकमा वाढल्या, कायमस्वरूपी झाल्या, हे खरं. पण असॅपच्या जवळपासही त्या गेल्या नाहीत. पाऊणशे डॉलरमध्ये टाइमटेबल सुधारतं. ते सुधारलं. भाडं आणि जेवण सुधारत नाही.

म्हणून कॅल स्टेटची मोहीम फसली असं मी म्हणणार नाही. तिने जे विकत घेतलं ते मिळालं, ते चोख मिळालं, आणि तेवढ्या पैशांत याहून जास्त मिळण्यासारखं नव्हतं. चूक असेल तर एकाच खरेदीच्या पावतीवर ४० आणि ७० अशा दोन वस्तू लिहिण्यात होती. चाळिसाच्या जवळ ते पोचले. सत्तरपासून साधारण आठ अंक लांब राहिले. दरम्यान सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वस्तांनी फी दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढवायचं ठरवलं. ५,७४२ डॉलरची फी २०२८-२९ पर्यंत ७,६८२ वर जाणार आहे. बावीस जणांच्या गळतीवर याचा काय परिणाम होईल ते २०३० नंतरच्या आकड्यांत दिसेल.

हा सगळा लेख लिहिता आला, कारण तिथे बॅच मोजतात. एकदा आपल्याकडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी सहज विचारलं होतं, की तीन वर्षांपूर्वी एफवायला जेवढी मुलं होती त्यांच्यातली किती यंदा टीवाय पास झाली? हेडक्लार्कसाहेबांनी कौतुकाने निकालाचा तक्ता पुढे केला: टीवायला बसले इतके, पास झाले इतके, निकाल ९१ टक्के. मी म्हटलं, एफवायचं विचारतोय. ते म्हणाले, ‘साहेब, सोडून गेलेल्यांचा निकाल कसा लावणार?’ त्यांचा काही दोष नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या अहवालातही उत्तीर्णांची टक्केवारी मागतात ती शेवटच्या वर्षाला बसलेल्यांचीच. केटी लागली, घरी अडचण आली, नोकरी धरली म्हणून एसवायला न आलेला मुलगा छेदातही नाही आणि अंशातही नाही.

तरीही तो आकडा आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. केंद्र सरकारच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक तक्ता भरावा लागतो आणि तो स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावा लागतो. क्रमांक कितवा आला हे बघून सगळे तो बंद करतात. त्यात तीन वर्षांच्या पदवीपुढे इतर रकान्यांत हे दोन असतात: पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेले विद्यार्थी, आणि ठरलेल्या मुदतीत पदवीधर झालेले. तुमच्या गावातलं, तुमच्या मुलीचं, किंवा तुम्ही स्वतः शिकलात ते कॉलेज या यादीत असेल तर तो तक्ता उघडा, दुसऱ्या रकान्याला पहिल्याने भागा, आणि पुढच्या पालकसभेला तो आकडा घेऊन जा.